बर्फाच्या खोक्यातून आलेला काळ्या टोकांचा शार्क: हा तो हरवलेला तर नाही?

गंगाकाठचा भोई (गंगाखेड)

राम राम मंडळी. मी गंगाखेडचा. आमचं घराणं भोयाचं, आजोबापासून गंगेवर जाळं. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आता डोहात पहिल्यासारखा मासा राहिला नाही, म्हणून आठ वर्षांपासून मी नांदेडहून बर्फातला माल आणून इथं विकायलोय. आंध्राकडचा रोहू, कटला, कधीमधी समुद्राचा माल.

परवाच्या रविवारी खोकं फोडलं तर रोहूच्या खाली दोन शार्क निघाले. लहान. शिंप्याच्या टेपनं मोजले, एक ५८ सेंटिमीटर, दुसरा ६१. पाठ राखाडी, पोट पांढरं. छातीजवळच्या दोन्ही परांची टोकं काळी, पाठीवरच्या मागच्या बारक्या पराचं टोक काळं, शेपटीचं खालचं टोक काळं, सगळी अशी की शाईत बुडवून काढल्यासारखी. पाठीवरचा पुढचा मोठा पर मात्र साधा, राखाडीच. कातडीवर शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. वास डोळ्यात जाणारा. गिऱ्हाईकानं हात लावला नाही, मीही विकले नाहीत. दोन्ही बर्फात ठेवलेत.

माझी पोरगी नववीला आहे. तिनं मोबाइलवर शोधलं आणि मला वाचून दाखवलं. पाँडिचेरी शार्क म्हणून एक जात आहे, परांची टोकं काळी, १९७९ नंतर खात्रीनं कुणाला मिळाला नाही. आणि पुढं असं की २०१६ ला गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याला सापडल्याची बातमी होती. म्हणजे आमचीच गंगा जिथं समुद्राला मिळते तिथं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. दुसरं एक नाव निघालं 'गँजेस शार्क', गंगेचा शार्क. ती गंगा आमची का उत्तरेतली, तेही कळंना.

माझ्या खोक्यात आलेला मासा कोणता आहे? आणि जर तो तसलाच असंल तर मी काय करायला पाहिजे, कुणाला सांगायला पाहिजे? आपण आयुष्यभर मासे मारून पोट भरलं, पण जातीतला शेवटचा आपल्या हातानं विकला जावा असं मला नकोय. फोटो खाली लावलेत.

---

निवृत्त मास्तर (पैठण)

भाऊ, पहिली शंका आधी फेडतो. गँजेस शार्कचं नाव उत्तरेतल्या गंगेवरून पडलं. नावातली गंगा म्हणजे आपली गोदामाई नव्हे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. कॉलेजात असताना प्रयोगशाळेत आम्ही जो मासा चिरला तो स्कॉलिओडॉन, म्हणजे एक लहान मुशी, शार्कच. मुंबईहून फॉर्मेलिनच्या पिंपातून यायची. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या प्राणिशास्त्राच्या मुलांनी समुद्र पाहण्याआधी शार्कचा मेंदू पाहिलेला आहे. हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणून कास्थिमत्स्य. तुमच्या हाताला लागलेली खरखर म्हणजे त्याचे खवले. ते दाताच्याच घडणीचे असतात.

मासा कोणता ते मला फोटोवरून सांगता येणार नाही. या मंचावर एक ताई आहेत, बंदरावर मुश्या मोजायचं काम केलेल्या. त्यांना हाक मारतो.

---

देगलूरकर

आम्ही तेलंगणाच्या सीमेवरचे, घरात निम्मं तेलुगू. २०१६ ची ती बातमी मला आठवते. तिच्यात या शार्कचं तिकडचं नाव 'पाला सोरा' दिलं होतं. सोरा म्हणजे शार्क, पाला म्हणजे दुधाचा. आपल्याकडं कोकणात पाला म्हणजे हिलसा, त्याच्याशी घोळ करू नका. माझी मावशी काकीनाड्याला दिली आहे. तिकडं बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान सोऱ्याचं कालवण देतात, मावशीनंही तिच्या सुनेला दिलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, बाजारात जो लहान सोरा मिळंल तो पाला सोराच. म्हणजे या नावावरून जात ओळखू येईल असं मला वाटत नाही.

---

मुशीमोजणी (मूळ परभणी, सध्या रत्नागिरी)

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी स्वयंपाक अर्धा टाकून बसले आहे. तुम्ही मासा विकला नाहीत, मोजलात, आणि टोकं कुठं काळी अन् कुठं नाहीत हे नेमकं लिहिलंत. मी दोन वर्षं पहाटे पाचला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर टेप घेऊन उभी असायचे. एवढं नेमकं वर्णन मला तिथं फार थोड्यांकडून मिळालं.

तुमच्या मुलीनं जे शोधलं ते बरोबर आहे. या माशाचं शास्त्रीय नाव कार्कारायनस हेमिओडॉन. बर्लिनच्या म्यूलर आणि हेन्ले या दोघांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही पाँडिचेरीहून गेलेल्या नमुन्यांवरून, म्हणून हे नाव. आज जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून याचे वीसेक नमुने आहेत, बस. त्यातला सगळ्यात मोठा मीटरभराच्या किंचित पुढं. भारत, पाकिस्तान, व्हिएतनाम, बोर्निओ, जावा अशा किनाऱ्यांवरून ते गोळा झाले. तो पिल्लं किती देतो, कधी देतो, कुठल्या खाडीत वाढवतो, यातलं काहीही कुणी नोंदवलेलं नाही. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी नाव मिळालं आणि जगणं समजायच्या आधीच मासा दिसेनासा झाला. मला ही गोष्ट फार लागते.

आता ओळखीकडे. काळ्या टोकांचे शार्क आपल्या समुद्रात बरेच. पुढच्या मोठ्या पराचंही टोक काळं असेल तर तो वेगळा गट. फक्त पाठीवरचा मागचा लहान पर काळा असेल तर आणखी वेगळा. तुम्ही लिहिलेली मांडणी, म्हणजे छातीचे पर, मागचा लहान पर आणि शेपटीचं खालचं टोक, ही पाँडिचेरी शार्कची आहेच. पण अगदी हीच मांडणी आणखी एका जातीची आहे आणि ती जात आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर भरपूर मिळते. तिचं शास्त्रीय नाव कार्कारायनस सोराह. देगलूरकरांनी सांगितलेला तो तेलुगू सोरा आता जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत या नावातून बसला आहे. म्यूलर आणि हेन्लेंच्या त्याच ग्रंथात याही माशाचं वर्णन आहे. दोन्ही माशांच्या पाठीवर दोन परांच्या मध्ये एक बारीक उंचवटा असतो. बोटानं चाचपा, जाणवेल. पण त्यावरून फरक कळत नाही, कारण तो दोघांनाही असतो.

फरक दातांत. वरच्या जबड्याचा ओठ सुरीच्या पाठीनं हळू उचला. भिंगातून एकेक दात बघा. पाँडिचेरी शार्कच्या वरच्या दाताचं पातं, म्हणजे मधला टोकदार भाग, कडेला गुळगुळीत असतो आणि फक्त बुडाशी जाड दाते असतात. सोराहच्या दाताला पात्याच्या कडेवरही करवत असते, टोकाकडं जाईपर्यंत. पिल्लांचे दात फार लहान असतात, करवत अस्पष्ट असते, म्हणून उजेडात, दोनतीन दात ओलं कापड लावून पुसून मग बघा.

आणि आणखी एक बघा. मासा उताणा करा. छातीच्या दोन परांच्या मध्ये, पोटाच्या मधोमध, एखादी चीर किंवा बारीक व्रण दिसतो का? हे बघितल्याशिवाय मासा टाकू नका.

वासाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण मी परभणीत आईला हाच प्रश्न विचारायचे. समुद्राचं पाणी खारट. आपण त्यात बुडून राहिलो तर अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाईल. शार्क रक्तात युरिया साठवून ठेवतो आणि त्यानं आतबाहेरचा तोल राखतो. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. तुमच्या डोळ्यात गेला तो अमोनिया. मासा सडला म्हणूनच वास येतो असं नाही. काही शार्क नदीत शिरताना हा युरिया कमी करू शकतात. बुल शार्क तसा आहे, तो गोड्या पाण्यात खूप आतपर्यंत जातो आणि गँजेस शार्कच्या नावावर सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मुळात त्याच्याच असतात.

गँजेस शार्कचंही नशीब असंच. वर्षानुवर्षं कुणाला दिसेना. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर लिलावाच्या मालात एक मादी निघाली, २६६ सेंटिमीटरची. फोटो आणि मापं घेणारी माणसं त्या सकाळी तिथं होती म्हणून ती नोंद झाली. नाहीतर तासाभरात तुकडे होऊन गेली असती. माल धक्क्यावर येतो आणि जातो, दादा. पंधरा मिनिटांत टोपली उचलली जाते. त्या पंधरा मिनिटांत कुणी बघितलं नाही तर तो मासा आला होता हे कुणालाच कळत नाही.

काकीनाड्याच्या २०१६ च्या बातमीवर मी शंका घेत नाही, तशी बातमी आलीच होती. पण बातमीवरून जात ठरत नाही. दाताचे जवळचे फोटो, मापं, परीक्षणासाठी राखलेला तुकडा हे सगळं लागतं. आणि देगलूरकरांनी सांगितलं ना, प्रत्येक लहान सोरा 'पाला' असेल तर नावाला पुरावा म्हणता येत नाही. त्या नावाचा खरा मानकरी तिसराच एक लहान शार्क आहे, ज्याला इंग्रजीतही दुधाचाच शार्क म्हणतात.

दात बघून लिहा. मी वाट बघते.

---

गंगाकाठचा भोई

ताई, काल रात्री पोरीनं शाळेतलं भिंग आणलं. आम्ही दोघं अंगणात बल्बखाली बसलो. कापडानं दात पुसले. तिनं मोबाइल भिंगाला लावून फोटो काढले, तेरा फोटो, त्यातले चार बरे आलेत, लावलेत. दाताच्या पात्यावर करवत आहे. बुडाशी जाड आहे आणि वर बारीक होत जाते, पण आहे, टोकापर्यंत. दुसऱ्या माशालाही तशीच. पाठीवरचा उंचवटाही लागला, वळलेल्या दोऱ्याएवढा.

आणि ती चीर सापडली. लहान माशाची अजून उघडीच आहे, तांदळाच्या दाण्याएवढी, कड लालसर. मोठ्याची मिटत आलीय. मी चाळीस वर्षं मासे चिरायलोय. मरळ चिरली, वाम चिरली, पोटात गाबोळी किती वेळा बघितली. पण माशाच्या पोटाला बेंबी मी कधी पाहिली नव्हती. ती बेंबीच आहे का, ताई?

---

मुशीमोजणी

हो दादा. बेंबीच आहे.

हा कार्कारायनस सोराह आहे. तुमच्या मुलीचे फोटो इतके स्वच्छ आहेत की मला शंका उरली नाही. पाँडिचेरी शार्क नाही. तुमच्या मनावरचं ओझं एवढ्यापुरतं तरी उतरवा.

पण ही बेंबी सांगते की हे दोघेही जन्मून फार दिवस झालेले नाहीत. या कुळातल्या माद्या अंडी घालत नाहीत. पोटातल्या पोटात वारेसारखी जोडणी तयार होते आणि पिल्लू नाळेनं आईकडून अन्न घेतं, आपल्यासारखंच. सोराहची पिल्लं आईच्या पोटात दहा महिने असतात. एका वेळेला फार झाली तर आठ. जन्मताना ४५ ते ६० सेंटिमीटर. तुमचे ५८ आणि ६१, आणि एकाची नाळ अजून मिटलेली नाही. आता रोहूशी तुलना करा. तिच्या पोटात लाखो अंडी असतात. जाळ्यात काही मोठ्या माद्या गेल्या तरी पाऊस चांगला झाला की डोह पुन्हा भरू शकतो. शार्कचं तसं होत नाही. दहा महिने पोट, मोजकी पिल्लं, मग ती पिल्लं उथळ पाण्यात, नदीमुखाशी, कांदळवनाच्या कडेला वाढतात कारण तिथं मोठे शार्क कमी येतात. आणि नेमकं तिथंच आपली सगळ्यात जास्त जाळी. गिलनेट, म्हणजे पडद्यासारखं उभं जाळं, लागलेलं असतं, ट्रॉलर किनारा ओढत जातो. कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात ही पिल्लं येतात, कुणी मुद्दाम धरत नाही. रत्नागिरीत एका तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, मला सांगितलं होतं की त्याच्या बापाच्या वेळी मुशी विकायला वेगळी होडी लागायची आणि आता बर्फाच्या तळाशी भर म्हणून येते. तुमच्या खोक्यातही ती रोहूच्या खालीच होती.

सोराह अजून मिळतो. पाँडिचेरी शार्कही कधीकाळी असाच मिळत असणार, कुणी बघत नव्हतं एवढंच. त्याच खाड्या, तेच उथळ पाणी, तसंच लहान अंग.

काय करायचं ते विचारलं होतंत, तर आधी कायदा. पाँडिचेरी शार्क २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. गँजेस शार्क, करवत मासे हेही त्याच वर्षी. २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. २०२२ ला वन्यजीवांच्या व्यापारावरच्या पनामाच्या परिषदेत या पूर्ण कुळाचा देशादेशांमधला व्यापार परवान्याखाली आणायचं ठरलं. कागदावर बरंच आहे, आणि ते हवंच. पण माझ्या दोन वर्षांत लिलाव करणाऱ्या एकाही माणसाला कुणी पाँडिचेरी शार्कचं चित्र दाखवलेलं मला आढळलं नाही. कायद्यात ज्याचं नाव आहे तो मासा टोपलीत आला तर ओळखणार कोण? याचा मला राग येतो. जो माणूस मासा हातात घेतो, त्याच्यापर्यंत ओळख पोचली पाहिजे. तुमच्या घरात मासा हातात घेणारा माणूस आहे, आणि त्याची लेक भिंग धरते.

पुढं कधी काळ्या टोकांचा आला आणि दाताचं पातं गुळगुळीत निघालं, तर विकू नका, चिरू नका. पूर्ण माशाचा बाजूनं फोटो काढा, शेजारी टेप पसरून. पोटाकडून एक. दातांचे चारपाच. माल कोणत्या धक्क्यावरून आला ते व्यापाऱ्याला लगेच विचारा, आठवड्यानं त्याला आठवणार नाही. परभणीच्या वन कार्यालयाला लेखी कळवा, तारीख घालून, कारण त्या अनुसूचीतला प्राणी, मेलेला असला तरी, त्यांना न कळवता जवळ ठेवता येत नाही. ओळख पक्की करायला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं एक केंद्र विशाखापट्टणमला आहे. तुमचा माल तिकडूनच येतो, त्या किनाऱ्याला ते जवळचे.

---

निवृत्त मास्तर (पैठण)

ताई, फार छान समजावलंत. एक जोडतो. आपण नदीकाठची माणसं समुद्राला लांबचा समजतो. पण नदीमुखाशी जी खाडी आहे, जिथं ही पिल्लं वाढतात, तिथं गोडं पाणी आणि गाळ जातो तो आपल्याकडून. १९७६ ला जायकवाडी झालं, पुढं विष्णुपुरी, बाभळी, आणि पार खाली धवळेश्वरमचा मूळ बंधारा तर इंग्रजांच्या काळातला. प्रत्येक भिंतीपाशी गाळ थांबतो. पाणी शेतीला लागतं, ते मी नाकारत नाही, माझी स्वतःची चार एकर कालव्यावर आहे. पण मुलांना नकाशावर नदी शिकवताना मी नेहमी बोट राजमहेंद्रीला थांबवायचो. पुढं कोरिंगाचं कांदळवन आहे, तिथपर्यंत न्यायला पाहिजे होतं.

भाऊ, तुमची हरकत नसेल तर त्यातला एक मासा मुलीच्या शाळेला द्या. फॉर्मेलिन कसं वापरायचं ते मी फोनवर शिक्षकांना सांगेन. मुलीला हात लावू देऊ नका, विषारी असतं.

---

देगलूरकर

मावशीच्या सुनेला फोटो पाठवलेत, दातांसकट. ती धक्क्यावरून मासळी घेते. म्हणाली, काळ्या टोकाचे रोज येतात, तोंड उघडून कधी बघितलं नाही, आता बघीन.

---

गंगाकाठचा भोई

ताई, मास्तर, देगलूरकर भाऊ, तिघांचे आभार.

मोठा मासा शाळेत दिला. लहान मी संध्याकाळी गंगेवर नेला आणि वाळूत पुरला. मला तो टाकवला नाही, बेंबी बघितल्यावर.

नांदेडच्या व्यापाऱ्याला फोन केला. माल काकीनाड्याचाच होता. त्याला म्हणलं, काळ्या टोकाचा बारका शार्क आला की माझ्या नावानं बाजूला ठेव, रोहूच्या भावानं पैसे देतो. तो आधी म्हणाला, कामून, तुमच्याकडं कोण खातंय? मग पोरीनंच फोन घेतला आणि त्याला सगळं सांगितलं, पाच मिनिटं. त्यानं ऐकून घेतलं. तिनं वहीच्या पानावर दोन दात काढलेत, एक करवतीचा आणि एक गुळगुळीत, खाली शास्त्रीय नावं मराठीत. त्याची एक झेरॉक्स व्यापाऱ्याकडं पाठवली, एक माझ्या दुकानात बर्फाच्या पेटीवर चिकटवलीय.

गुरुवारी गाडी येती. टेप आणि भिंग दुकानातच ठेवलंय.